पैसे नको, आणे लावा

२ मार्च २०२५, रविवार. नागपूरजवळच्या जामठ्याला विदर्भ-केरळ रणजी फायनल संपली, विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला, आणि इकडे माझ्या दुकानासमोर भांडण पेटलं.

आमच्या गावच्या भाकीत स्पर्धेच्या फॉर्मात मी प्रश्न टाकला होता, 'फायनल कोण जिंकणार?' पर्याय दोनच, विदर्भ आणि केरळ. सामना सुटला अनिर्णित. विदर्भ ३७९, केरळ ३४२. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आपल्याकडे आला. अख्ख्या गावात केरळच्या नावापुढे टिचकी मारणारा एकच पठ्ठ्या होता, आणि तोच समोर उभा. "भाऊ, म्याच कोणी जिंकली का? नाही ना? मंग माहे मार्क कायले कापले?"

लोक हसले, त्याला 'केरळचा जावई' म्हणाले. पण त्याचं म्हणणं शब्दाशब्दाने खरं होतं. मी 'करंडक कोणाचा' असं विचारायला हवं होतं. केरळ त्या फायनलपर्यंत पोचलं होतं तेच मुळी क्वार्टर फायनलला एका धावेच्या आणि सेमीफायनलला दोन धावांच्या आघाडीवर. म्हणजे अनिर्णिताचा धडा डोळ्यांसमोर होता, आणि तरीही माझ्या फॉर्मात त्याला जागा नव्हती. मी मार्क कापले ते कापले. पुढचे दोन महिने तो माझ्या दुकानात सातबाराही काढायला आला नाही.

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात माझं ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, पोरांचे फॉर्म, झेरॉक्स. २०२३ च्या वर्ल्ड कपपासून मी ही स्पर्धा चालवतो. कोणता संघ जिंकेल ते सामन्याआधी मोबाईलवर भरायचं, दुसऱ्या दिवशी गुण लागतात, तक्ता छापून पानठेल्यावर चिकटतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि तेव्हापासून मला रोज कोणी ना कोणी विचारतं, "आता तुहं बंद होईन ना?" बंद होणार नाही. माझं तर उलट म्हणणं आहे की हा कायदा योग्य आहे आणि म्हणूनच अशी बिनपैशांची स्पर्धा गावोगाव चालायला हवी. पण चालवणाऱ्याने आधी जरा ऐकून घ्यावं.

पैशांच्या बाजूबद्दल मला फार पाल्हाळ लावायचा नाही. माझ्या चुलतभावाच्या पोराने पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, फवारणीचे पैसे मोबाईलमधल्या एका खेळात घातले. सुरुवात ४९ रुपयांनी. तो काही जुगारी पोरगा नव्हता, त्याला क्रिकेट कळतं, आणि कळतं हीच त्याची अडचण झाली. हा कौशल्याचा खेळ आहे हे जाहिरातीने त्याला सांगितलं होतं आणि आपल्याकडे कौशल्य आहे याची त्याला सोळा आणे खात्री होती. नव्या कायद्याने नेमकी हीच पळवाट बुजवली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा वाद बाजूला ठेवून, पैसे भरून पैसे मिळवण्याची आशा असली की झालं, तो पैशांचा खेळ. तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हेही बरंच केलं. भारतीय संघाचा प्रायोजकही असल्याच खेळाची कंपनी होती, ती गेली. सप्टेंबरच्या आशिया कपात भारताची जर्सी प्रायोजकाच्या नावाशिवाय दिसली तेव्हा आमच्या पानठेल्यावर एकाने विचारलं, "धुतली का काय?"

पण कायदा कंपनीला थांबवतो. सट्टा लावायचं ऑनलाइन खातं, म्हणजे 'आयडी', वाटणाऱ्या गावातल्या माणसाला कोण थांबवणार? लगवाडी-खायवाडी, म्हणजे पैज लावणं आणि ती घेणं, हे शब्द आमच्याकडे शाळकरी पोरांना कळतात. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याची ऑनलाइन जुगारात ५८ कोटींची फसवणूक झाल्याची तक्रार झाली आणि गोंदियात छापा पडून कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं सापडलं, तेव्हा इथल्या लोकांना आश्चर्य वाटलं ते फक्त आकड्याचं. जुगाराविरुद्धचा आपला राज्याचा कायदा १८८७ सालचा. जुगाराच्या अड्ड्यावर छापा, मुद्देमाल, जामीन, आणि आठवड्याने तोच माणूस त्याच ठेल्यामागे.

आणि मटका तरी कुठून आला? न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव मुंबईला यायचे, त्यावर लोक आकडा लावायचे. १९६१ च्या सुमारास ते भाव येणं थांबलं, तेव्हा मातीच्या मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली. ज्या कापसाने आमची घरं बसवली आणि उठवली, त्याच्याच भावाच्या अंदाजातून हा सगळा पसारा निघाला. मला ही गोष्ट कळली त्या दिवशी मी जरा वेळ शेतावर जाऊन बसलो होतो.

मुद्दा असा, की अंदाज बांधल्याशिवाय कोरडवाहू शेतकऱ्याचा दिवस जात नाही. पेरू का थांबू, विकू का ठेवू. अक्षय्य तृतीयेला बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी होते. शेतात घट मांडायचा, भोवती अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात मातीची ढेकळं, त्यावर पाण्याने भरलेली घागर, वर पापड-पुरी-कुरडई. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं धान्य कुठे सरकलं ते पाहून पाऊस, पीक आणि राजा यांचं भाकीत सांगतात. शेकडो शेतकरी ऐकायला जातात, मीही गेलोय. त्या माणसांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. माझी तक्रार ऐकणाऱ्यांबद्दल आहे, आणि त्यात मीही आलो. दिवाळीला कोणी वही काढून बघतो का, की वैशाखात काय सांगितलं होतं आणि काय झालं? बरोबर आलेलं लक्षात राहतं, चुकलेलं पावसाबरोबर वाहून जातं. टीव्हीवरचे निवडणुकीचे पंडित वेगळे नाहीत. पानठेल्यावरचा तर प्रत्येक जणच म्हणतो, "मी तं आधीच सांगतलं होतं."

आधी सांगितलं होतं ना? मग लिहून दे. माझी स्पर्धा एवढ्या एका वाक्यावर उभी आहे.

पहिल्या वर्षी हे वाक्य नीट उभं राहिलंच नाही. २०२३ चा वर्ल्ड कप, बरोबरला एक गुण, चूक ती चूक. भारत ओळीने दहा सामने जिंकला, आणि जो डोळे मिटून भारत भरत गेला तो वर चढत गेला. १९ नोव्हेंबरच्या फायनलला झाडून सगळ्यांनी भारत भरला. ट्रॅव्हिस हेडने १३७ मारले. त्या रात्री तक्त्यातलं एकही नाव हललं नाही. सगळे सारखेच चुकले होते, आणि कोण किती ठामपणे चुकला ते मला कळायला काही मार्ग नव्हता.

मग मी आणे आणले. लोक बोलतातच की, 'बारा आणे पीक', 'सोळा आणे खरं'. फॉर्मात विचारलं, तुमच्या संघावर सोळापैकी किती आणे भरवसा? कमीत कमी आठ, म्हणजे अर्धं-अर्धं. संघ जिंकला तर सोळाला जितके आणे कमी, त्यांचा वर्ग तुमचा दंड. हरला तर लावले तितक्या आण्यांचा वर्ग. ज्याचा दंड कमी तो पुढे. चौदा आणे लावले आणि बरोबर आलं, तर दोनाचा वर्ग, चार. चुकलं तर चौदाचा वर्ग, एकशे शहाण्णव. ही युक्ती माझी नाही. ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये पावसाचे अंदाज तपासायला ती सुचवली होती, मी फक्त टक्क्यांचे आणे केले.

आता गंमत बघा. दहा सामने धरा. क्रिकेट कोळून प्यायलेला एक जण दर वेळी चौदा आणे ठोकतो आणि दहापैकी सहा बरोबर आणतो. दंड, सहा वेळा चार आणि चार वेळा एकशे शहाण्णव, एकूण ८०८. आमच्या अंगणवाडीच्या ताई क्रिकेट बघत नाहीत. त्यांनी घरातल्या पोरांच्या आग्रहाखातर नाव दिलं आणि दर सामन्याला आठ आणे भरले. दर वेळी आठाचा वर्ग, दहा सामन्यांचे ६४०. आणि त्या क्रिकेटवाल्याने तेच संघ, तीच सहा बरोबर, पण दहा आण्यांनी भरले असते तर ६१६. ताईंच्या पुढे गेला असता. त्याचं क्रिकेटचं ज्ञान खोटं नव्हतं, चार आणे फाजील होते. दोन आठवड्यांनी तक्ता लागला आणि ताई निम्म्या गावाच्या वर. पानठेल्यावर पहिल्यांदाच कोणीतरी 'मी तं सांगतलं होतं' म्हणायच्या आधी थांबलं.

सट्ट्याने हे कधी शिकवलं नसतं. सट्ट्यात आलेला पैसा सांगायचा आणि गेलेला गिळायचा असतो, त्यामुळे आपण कितीदा चुकतो याचा हिशोब माणूस स्वतःलाही देत नाही. आणि हा हिशोब क्रिकेटपुरता नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात कापसाने क्विंटलला दहा हजार ओलांडले. पुढच्या हंगामात गावात घरोघर कापूस भरून ठेवला, 'पुन्हा दहाच्या वर जातेच' म्हणून. पोरं कापसावर झोपली, अंगाला खाज सुटली, आणि उन्हाळ्यापर्यंत भाव सात हजारांकडे घसरला. त्या वेळी कोणी म्हटलं असतं, की दहा हजारांवर माझा भरवसा नऊ आणे आहे, तर त्याने निम्मा कापूस आधी विकला असता. सोळा आण्यांच्या माणसाने सगळाच ठेवला. मीही ठेवला होता.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मोठं पुण्याचं काम आहे. करून बघा मग.

पहिली कटकट वेळेची. टॉसला फॉर्म बंद. पण टॉसच्या वेळी नेमकी लाईट जाते, टॉवर बसतो. "नेट नोतं ना बाप्पा, मी पाच मिनिटं आधीच भरलं होतं." एकदा एका म्हाताऱ्या काकांचं मी फोनवर घेतलं, तर दुसऱ्याने विचारलं, माझं का नाही? तेव्हापासून फोनवर कोणाचंच नाही, काकांचंही नाही. २९ जून २०२४, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल. क्लासेन तुटून पडला होता, आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या, आणि माझा फोन वाजला. "भाऊ, माहं भारत काढा, आफ्रिका टाका." मी म्हटलं नाही होत. भारत सात धावांनी जिंकला. पुन्हा त्याचाच फोन, आवाज अगदी गोड. "बदललं नाही ना, भाऊ?"

दुसरी कटकट, एक माणूस म्हणजे किती? एका खात्यावरून एकच फॉर्म अशी अट मी घातली, तर बाया बाद झाल्या, कारण घरात फोन एक आणि तो नवऱ्याच्या खिशात. अट काढली, तर एकाने बायको, आई, दोन पोरं आणि वारलेला आजा यांच्या नावाने पाच फॉर्म भरले. प्रत्येकात आणे वेगळे, म्हणजे एक तरी लागेल. आज्याचं नाव काढताना मला फार ओशाळल्यासारखं झालं.

तिसरी माझीच. एका रात्री डोळ्यांत झोप होती आणि मी तक्त्यात फक्त गुणांचा रकाना चढत्या क्रमाने लावला. नावांचा तसाच राहिला. सगळ्यांचे गुण सगळ्यांना वाटले गेले आणि सकाळी तो कागद पानठेल्यावर. साडेआठला समजलं. तोवर दोन जणांनी चहा पाजून झाला होता. त्या दिवसापासून मूळ तक्ता सगळ्यांना बघता येतो, कोणीही बेरीज तपासावी. चालवणाऱ्याकडे भांडवल एकच असतं, लोकांचा विश्वास, आणि ते बेरजेच्या एका चुकीने बुडतं. म्हणून मी स्वतः कधी भाकीत भरत नाही. नियम पहिल्या सामन्याआधी छापून लावतो. तरी नियमात न बसणारं काहीतरी होतंच. ८ मे २०२५ ला धरमशालेचा पंजाब-दिल्ली सामना ऐन रंगात बंद पडला आणि नंतर जयपूरला पुन्हा पहिल्यापासून खेळला गेला. पहिल्या रात्री पंजाब १ बाद १२२ वर होतं, त्यांच्यावर आणे लावणाऱ्यांनी माझा जीव खाल्ला. मी सामना रद्द धरला. फेरसामना दिल्लीने जिंकला, तेव्हा तेच लोक म्हणाले, रद्दच बरा.

आणि बाकी सगळं सोसवतं, पण स्पर्धेच्या मधोमध येणारा मरगळलेला आठवडा सोसवत नाही. आयपीएलचे सामने ७४. पहिल्या आठवड्यात सगळं गाव, तिसऱ्या आठवड्यात निम्मं. जो मागे पडला त्याला भरण्यात राम वाटत नाही. मी आठवड्याची वेगळी गणती सुरू केली, थोडा फरक पडला. थोडाच.

सगळ्यात गंभीर आक्षेप आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांचा. ते म्हणतात, "तू पोरांना पहिली पायरी बांधून देतोस. आज आणे, उद्या रुपये." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण तो अर्धा खरा ठरला. २०२५ च्या आयपीएलमध्ये मला कळलं, की आठवड्याला माझ्या तक्त्यात कोण पहिला येणार यावर दोघं जण पैसे लावताहेत. सामन्यावर नाही, माझ्या तक्त्यावर! मी त्या दोघांची नावं काढली आणि तीन दिवस तक्ता लावला नाही. चौथ्या दिवशी लावला. सरांना मी सांगितलं, की पायरी नसती तर ही दोघं काही भजनाला गेली नसती, ती आयडीवाल्याकडेच होती. बाकीच्यांना मात्र जायला दुसरी जागा मिळाली. सर म्हणाले, "हे तुझं किती आण्यांचं?" मी अकरा म्हटलं. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी फॉर्म भरला.

कायदा आला तेव्हा मी आधी स्वतःकडे बघितलं. पहिल्या दोन वर्षी शील्डसाठी मी दहा-दहा रुपये वर्गणी घेत होतो. गणपतीची घेतो तशीच, काही वाईट मनात नाही. पण दहा रुपये भरायचे आणि बक्षिसाची आशा धरायची, हे एकत्र आलं की प्रकार बदलतो, रक्कम कितीही असो. हे देशाला आधीच एकदा कळलं होतं. शब्दकोड्यांच्या, प्रवेशफी घेऊन बक्षीस वाटणाऱ्या स्पर्धांचं पेव फुटलं, तेव्हा १९५५ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा केंद्रीय कायदा करावा लागला आणि १९५७ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मी वर्गणी बंद केली. आता बक्षीस माझ्या वावरातली एक पायली तूर. ज्याला एक पायली तुरीसाठी फसवणूक करायची असेल त्याने खुशाल करावी.

यंदा मी एक घोडचूक केली. खरिपात क्रिकेटबरोबर कापसाचा प्रश्न टाकला. दिवाळीनंतर खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन घेतो तेव्हा, काय भाव निघेल? लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८११०, त्याच्या वर की खाली, आणि किती आणे? लोकांनी मन लावून भरलं. क्रिकेटपेक्षा जास्त विचार करून भरलं, भरवसा चार-चार आणे खाली आला. मला वाटलं, आता खरं काम सुरू झालं. पाचव्या दिवशी कापूस घेणारा एक व्यापारी दुकानात आला, झेरॉक्स काढली, आणि सहज म्हणाला, "तो तक्ता दाखवता का, कोण काय समजून रायलं ते?" माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. गावाला किती भावाची आशा आहे, कोण किती उतावीळ आहे, हे मी नावानिशी गोळा करून ठेवलं होतं, आणि मूळ तक्ता सगळ्यांना उघडा होता. तो प्रश्न मी त्याच संध्याकाळी काढला. लोकांना कारण सांगितलं, ते चिडले नाहीत. व्यापारी थोडा चिडला.

त्याच्या जागी पैसेवारीचा, म्हणजे पीक रुपयाला किती पैसे आलं त्याचा, प्रश्न टाकलाय. आमच्याकडे ३० सप्टेंबरला नजरअंदाज पैसेवारी, ३१ ऑक्टोबरला सुधारित आणि ३१ डिसेंबरला अंतिम. पन्नास पैशांच्या खाली आली तर सवलतींचं दार उघडतं. हाही अंदाजच, फक्त सरकारी, आणि त्याचाही हिशोब कोणी मागत नाही. गावातल्या प्रत्येकाने आपल्या वावरातलं सोयाबीन डोळ्याने बघितलंय. तेव्हा अंतिम पैसेवारी पन्नासच्या वर की खाली, भरा आणे. यात व्यापाऱ्याला काही मिळण्यासारखं नाही. परवा तलाठीभाऊ दाखल्याच्या कामासाठी आले, भिंतीवरचा कागद उभ्या उभ्या पूर्ण वाचला आणि हसत म्हणाले, "मलाही भरू द्या की."

मी नाही म्हटलं. निकाल ज्यांच्या कार्यालयातून येणार, त्यांचा फॉर्म कसा घेऊ? त्यांनी मान डोलावली, दाखल्याची प्रत घेतली, आणि दारातून वळून विचारलं, "बरं, गाव जास्त कुठे आहे? वर की खाली?"

तक्ता ३१ तारखेपर्यंत झाकलेला आहे, म्हटलं. यंदा नियमच तसा छापलाय.